झोल

कुरखेड्याच्या ग्रामीण रुग्णालयात,
औषधाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला
नवा संगणक आला, तेव्हापासून
रोज दोनशे माणसांना मी एकच विचारते :
कोणत्या औषधाची ॲलर्जी?

चौकोन रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही.
एंटर दाबलं की तो आपणहून भरतो : नाही.
डाटा एंट्रीच्या पोरानं कंत्राट संपेस्तोवर
एंटरच दाबलं.
अख्खा तालुका निर्धोक करून गेला तो.

आपल्याकडं 'नाही' तीन तऱ्हेचं असतं.
झालं नाही. माहीत नाही.
कुणी विचारलंच नाही.
चौकोनात एकच बसतं.

पावणेदोनला, खिडकी बंद व्हायच्या बेतात,
सगुणाबाई कुमोटी आल्या, मालेवाड्याच्याही पुढून.
तीन दिवसांचे जुलाब,
चिठ्ठीवर डॉक्टर वाढईंचं घाईचं अक्षर.
गोळ्या मी काढल्याही होत्या.
विचारलं सवयीनं, मान खालीच.

"हाये न जी."

मान वर केली.
बांगड्या कोपराकडं सारून त्यांनी मनगट पुढं केलं.
एक डाग. जांभळाच्या बीएवढा,
जांभळाच्याच रंगाचा.
"गोळी घेतली का याच जाग्यावर पेटते.
दुसरीकडं नाही जात. तीनदा झालं."

अंगानं जागा पाठ केली होती.
नाव त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"कोणती गोळी?"
"पांढरी."
माझ्या पाठीमागची अर्धी फळी पांढरी.

"थांबा जी," म्हणत
खर्ऱ्याच्या जुन्या पन्नीतून त्यांनी
पट्टीचा एक तुकडा काढला,
दोन रिकामी घरं, चुरगळलेला कागद,
आणि पाठीवर उरलेली अक्षरं :
झोल.

हसू आलं मला, खोटं कशाला बोलू.
मग कापलेली कड पाहिली.
सरळ, सरळ, आणि मधेच एक बारीकसा दात,
माझ्या कात्रीला जिथं खाच आहे
बरोबर तिथं.

दहाच्या पट्टीतून मी सहा देते, कधी चार, कधी दोन.
नाव एकाच्या घरी जातं,
झोल दुसऱ्याच्या.
सहा वर्षं मी हेच कापते आहे.

संगणकात शेवटची अक्षरं टाकली.
खाली यादी लोंबली :
जंताचं, पित्ताचं, नायट्याचं, जुलाबाचं,
सगळ्यांची शेपटी सारखी.
एक निवडा, म्हणतो.
'बहुतेक' लिहायला जागा नाही.

"चव कशी होती, बाई?"
(हा प्रश्न कुठल्याच रकान्यात नाही.)
त्यांनी जीभ टाळूला लावली,
जशी काही चव अजून तिथंच होती.
"विळा चाटल्यावानी."

हातातली पट्टी मी फळीवर परत ठेवली.

डॉक्टरांना फोन, दुसरं औषध, मग पुन्हा खिडकी.
मेट्रोनिडाझोल, मी निवडलं.
खात्री आहे का? होय, नाही.
डाग तीनदा, चव विळ्याची, कात्री माझी,
एवढ्यावर होय दाबलं
आणि लाईन गेली.

बॅटरी किरकिरली, पडदा काळा.
निकोडे सिस्टरचा लाल पेन मागितला,
केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहिलं,
वर संशय, खाली नाव, दोनदा रेघ.
बाईंना वाचता येत नाही.
कागदाच्या चार घड्या करून
पन्नीत, त्या तुकड्याशेजारी, त्यांनी तो ठेवला.
"हे दाखवू न कोणालेबी?"
"कोणालाही. आधी हे, मग आधार कार्ड."

साडेतीनला लाईन आली.
पान उघडलं. कुमोटी सगुणाबाई, चौकोनात : नाही.
पुन्हा सगळं भरलं.

संध्याकाळी रांगेतले दोघं-तिघं कुरकुरले,
मॅडम, आज एवढा येळ काहून लागते?
मी पुड्यांवर
नावं लिहीत होते, पूर्ण,
पहिल्या अक्षरापासून.